गिदोनरावांची न झालेली प्रार्थना

आमच्या मंडळीत माणूस गेला की उपासनेत त्याचा जीवनवृत्तांत वाचतात. जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी झाला, नोकरी काय केली, लेकरं किती, आणि शेवटी ‘ते सर्वांशी हसतमुखाने वागत’. हे शेवटचं वाक्य मी आजवर चाळीसेक माणसांना लावलं आहे. त्यातल्या निदान तिघांना तर त्यांच्या बायकांनीही कधी हसताना पाहिलं नव्हतं. मी शाळामास्तर, आवाज दणदणीत, अक्षर बरं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं ते कायमचंच. काही म्हातारे तर रस्त्यात भेटले की सांगतात, ‘सर, आमचं जरा बरं लिहा हं.’

गेल्या वर्षी माझे साडू गिदोनराव गेले. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला काय वाचायचं हे विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. दीनाताई, म्हणजे गिदोनरावांची बायको आणि माझ्या मोनिकाची थोरली बहीण, तांदूळ निवडत होत्या.

“सर, ते हरकतीचं सांगा,” त्या म्हणाल्या. “लोकं लई हसत्यात. ह्यांनापण आवडायचं.”

मी मान हलवली आणि घरी आलो. त्या हरकतीवर नऊ वर्षं लोक हसत आले आहेत. मीही हसत आलो. पण त्या दिवशी कागदावर तारखा लिहायला बसलो तेव्हा माझा हात पुढे सरकेना.

गिदोनराव मूळचे राहुरी तालुक्यातले. वडील गावच्या शाळेत शिक्षक, आई शेतावर. आयटीआयमधून टर्नरचं शिक्षण घेतलं आणि एकोणिसाव्या वर्षी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लेथ मशीनवर उभे राहिले, ते चौतीस वर्षांनी खाली बसले. मधे एकदा डाव्या करंगळीचं टोक मशीनने नेलं. कोणी हळहळलं तर म्हणायचे, “नऊ आन् अर्ध्ये हायेत की. देवानं मोजून थोडीच दिली हुती.”

माणूस एवढासा, मिशी एवढी मोठी. चालताना मिशी आधी यायची, मग गिदोनराव. स्कूटरला किक मारण्याआधी डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहायचे. स्कूटर सुरू झाली की आभार मानायला पुन्हा दोन मिनिटं. त्या स्कूटरची अवस्था पाहता दोन्ही प्रार्थनांची गरज होती.

घरात मात्र या माणसाला तोड नव्हती. दीनाताई अंगणवाडीत सकाळी लवकर जायच्या. म्हणून नोहाचा डबा आणि आराधनाच्या वेण्या ही दोन खाती गिदोनरावांकडे. आराधना ही धाकटी, नोहानंतर आठ वर्षांनी झालेली. ज्या हातांनी लोखंडाचा रॉड कातायचा त्याच हातांनी वेण्या. त्या इतक्या घट्ट असायच्या, की पोरीचे डोळे दुपारपर्यंत ताणलेले राहायचे. वर्गातल्या बाई विचारायच्या, “आराधना, एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय तुला?” तिच्या रिबिनीला ग्रीसचा वास यायचा. दहावीपर्यंत तिने दुसऱ्या कोणाला केसांना हात लावू दिला नाही.

आणि मग ती प्रार्थना. गिदोनरावांची जेवणाआधीची प्रार्थना ही नगरच्या ख्रिस्ती समाजाला माहीत असलेली गोष्ट होती. ते जगाच्या उत्पत्तीपासून निघायचे. मिसर देशात इस्राएल लोकांबरोबर मुक्काम करायचे, तांबडा समुद्र ओलांडून थेट मुळा धरणावर उतरायचे. धरणात किती टक्के पाणी आहे हे आम्हाला पेपरच्या आधी त्यांच्या प्रार्थनेत कळायचं. मग नातेवाईक, तेही रस्त्याच्या क्रमाने, कंडक्टरने गावं पुकारावीत तसे. राहुरीची आत्या आणि तिचा गुडघा. वांबोरीचे मामा, त्यांचा मोतीबिंदू. कारखान्यातला शेजारच्या मशीनवरचा मच्छिंद्र, त्याच्या घरी पाळणा हलू दे. शेजाऱ्यांची म्हैस. आमच्याकडे एका नाताळाला मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं झाली. मटणाच्या रश्श्यावर तेलाची साय धरली. पोरं डोळे मिटून चाचपत भाकरीचे तुकडे मोडत होती. मोनिका एका डोळ्याने गॅसकडे बघत होती.

आता असा माणूस घरात असल्यावर माझ्यासारख्याने करायचं काय? मी त्यांची नक्कल करायला लागलो. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं झाली की कोणीतरी म्हणायचं, “सर, होऊ द्या गिदोनराव.” मी मिशीवर हात फिरवून, मान तिरकी करून सुरू व्हायचो, “हे आमच्या स्वर्गीय बापा, तू जो उजेड केलास, आन् मग अंधार केलास, आन् मग राहुरीचा गुडघा केलास...” लोक लोळायचे. गिदोनराव सगळ्यात जास्त. डोळे पुसत म्हणायचे, “लई हुबेहूब करता राव. एक चुकलं. मोतीबिंदू गुडघ्याच्या नंतर येतो.”

आराधनाचं लग्न ठरलं घोडेगावच्या रविराजशी. मुलगा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, सरळ. त्याचे वडील छगनराव निवृत्त ग्रामसेवक आणि ग्रामसेवकासारखेच, प्रत्येक गोष्ट लेखी मागणारे.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार उपासनेत पुकार करतात. पाळक मंडळीसमोर वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, या विवाहास कोणाची हरकत आहे का? असल्यास आताच सांगावी. त्या वेळी चर्चमध्ये अशी शांतता पसरते की पंख्याचा कुरकुर आवाज ऐकू येतो. माझ्या आयुष्यात कोणी कधी हरकत घेतल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. ती घ्यायची गोष्टच नाही. विचारायचं, थांबायचं, पुढे जायचं.

तिसरी पुकार रविवारी, लग्न येत्या शनिवारी. घोडेगावची मंडळीही त्या दिवशी खास आलेली. पाळकसाहेब नवीन, तीनच महिने झालेले, नियमाचे पक्के. त्यांनी विचारलं, “कोणाची हरकत?”

आणि मी उभा राहिलो.

मला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारी बसलेल्याने कोपरसुद्धा मारलं नव्हतं. ती शांतता मला सहन झाली नाही, एवढंच. एवढी माणसं गप्प बसलेली दिसली की माझ्या अंगात येतं.

“माझी हरकत आहे,” मी म्हणालो. दोनशे माना वळल्या. “वधूच्या पित्याने आधी लेखी द्यावं, की लग्नाच्या जेवणाला तो प्रार्थना करणार नाही. नाहीतर वऱ्हाड उपाशी मरेल!”

चर्च हसलं. मागच्या बाकांवरची पोरं तर वाकून हसली. गिदोनरावांचे खांदेही हलले. मी बसलो तो अगदी शेतात बी पेरून आल्यासारखा समाधानाने. मोनिकाने माझ्या मांडीला चिमटा काढला, पण तो रोजचाच होता.

पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पुकारीच्या वहीत काहीतरी लिहिलं.

उपासना संपल्यावर त्यांनी आम्हाला मागच्या खोलीत बोलावलं. मी, गिदोनराव, दीनाताई. दाराबाहेर व्हरांड्यात छगनराव आणि घोडेगावची चार माणसं. आराधना खिडकीपाशी, डोक्यावर पदर तसाच.

“तुम्ही उपासनेत, सर्वांसमोर हरकत घेतलीत,” पाळकसाहेब मला म्हणाले. “ती मी नोंदवली आहे. निकाल लागल्याशिवाय मला लग्न लावता येणार नाही.”

“अहो, मी गंमत केली!”

“हरकत गमतीची नसते.”

“मग मी ती मागे घेतो. आत्ता. इथे.”

“मंडळीसमोर घेतली, तर मंडळीसमोरच मागे घ्यावी लागेल. पुढच्या रविवारी.”

पुढचा रविवार म्हणजे लग्नानंतरचा दिवस. कार्यालय, आचारी, मंडप, सगळं शनिवारचं ठरलेलं. मी पाळकसाहेबांना समजावू लागलो, मग त्यांच्याशी भांडू लागलो. बाहेरून छगनरावांचा आवाज आला. आवाज हळू होता, पण त्यांना तो आत यायलाच हवा होता.

“साडूच उठला म्हणजे आत काहीतरी असणार. त्याशिवाय सख्खा माणूस उठत नाही. आठवडाभर थांबू आपण. चौकशी करू.”

आराधनाने मान खाली घातली. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं. आठवडाभर चौकशी! घोडेगावच्या आठवडे बाजारात म्हशींच्या सौद्यांबरोबर या पोरीच्या नावाचीही चर्चा झाली असती. लग्न झालं असतं तरी त्या घरात ती ‘जिच्यावर हरकत आली होती ती’ म्हणूनच राहिली असती.

गिदोनराव पुढे झाले.

“पाळकसाहेब, वधूपक्षानं हरकतीला उत्तर दिलं तर चालतंय का?”

“चालतं. लेखी दिलं तर. हरकतीचं कारण दूर झालं असं मी नोंदवीन.”

“मग हरकत खरी हाय,” गिदोनराव म्हणाले. “मी लांबवतो. लोकं कटाळत्यात. साडूभाऊंनी बरोबर सांगितलं. द्या कागद.”

“गिदोनराव, काय बोलताय?” मी म्हणालो.

“तुमी गप बसा आता. लई बोलला.”

एवढंच. इतक्या वर्षांच्या नात्यात ते मला बोललेलं सगळ्यात कडक वाक्य. मग त्यांनी लिहिलं: मी, गिदोन अमुक अमुक, माझ्या मुलीच्या विवाहाच्या दिवशी कोणतीही जाहीर प्रार्थना करणार नाही. पाळकसाहेबांनी ‘जेवणाआधी’ एवढंच लिहा असं सुचवलं नाही आणि गिदोनरावांना सुचलं नाही. मला सुचलं होतं. पण मला गप्प बसायला सांगितलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर सुटलो एकदाचे, असं मला वाटत होतं. छगनरावांनी कागद वाचला, तारीख पाहिली, सही पाहिली आणि म्हणाले, “हां. आता स्पष्ट झालं.”

शनिवारी लग्न लागलं. मनमाड रोडच्या कार्यालयात पाचशे पानं. मी सूट घालून इकडून तिकडे फिरत होतो आणि जो भेटेल तो मला टाळी देत होता, “सर, आज गरम जेवायला मिळणार!” मी टाळ्या घेत होतो. होय, घेत होतो.

शेवटच्या रांगेत कारखान्यातली माणसं बसली होती. मच्छिंद्रने मला हाक मारली. गिदोनरावांच्या शेजारच्या मशीनवर वीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्या प्रार्थनेतला पाळणा पुढे त्याच्या घरी दोनदा हलला होता.

“सर, गिदोनभाऊंची प्रार्थना कधी हाय?”

“आज नाही,” मी ऐटीत म्हणालो. “बंदोबस्त केलाय.”

तो हसला नाही. “न्हाई म्हंजे? आमी त्याच्यासाठीच आलोय सर. आमी सात जण. सुट्टी टाकून.”

“का?”

“का म्हंजे? आमाला पाठ हाय ती. आराधना शाळंत जायला लागली तवापासून भाऊ मशीनवर ती म्हणत्यात. पोरीच्या लग्नाची प्रार्थना. आवाजात कोनाला ऐकू जात न्हाई म्हनून मोठ्यानं म्हणत्यात, पन मी शेजारी. वेण्यांचं हाय त्यात. तिला टायफॉईड झाल्ता तवाचं हाय. दरसाल वाईच वाढवत्यात. म्या घरी बायकोला म्हनून दाखवलीय, तर ती रडली. ती आज मांडवात कशी म्हनत्यात ते बघायचं हुतं.”

मी काय उत्तर दिलं मला आठवत नाही. बहुतेक काहीतरी विनोदीच दिलं असेल.

तेवढ्यात पाळकसाहेबांनी माइक घेतला. “भोजनापूर्वी वधूपिता...” म्हणाले आणि थबकले. त्यांनाच आठवलं. गिदोनराव उठून उभे राहिले होते, सवयीने. हात जोडलेले, मिशी विंचरलेली. त्यांनी हात सोडले.

“मी लिहून दिलंय,” ते म्हणाले. मग इकडे तिकडे बघत त्यांची नजर माझ्यावर आली. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “साडूभाऊ, तुमी करा. घरातल्यानं केली पायजे.”

माइक माझ्या हातात आला. मी पस्तीस वर्षं सूत्रसंचालन केलं आहे, पण मनापासून कधी चारचौघांत प्रार्थना केलेली नाही. मी डोळे मिटले. मला आराधनासाठी काहीतरी मागायचं होतं. अगदी खरं मागायचं होतं. तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला प्रार्थना एकाच आवाजात येते.

“हे आमच्या स्वर्गीय बापा,” मी म्हणालो. “तू जो उजेड केलास...”

मांडव हसला. आधी पुढची रांग, मग सगळेच. त्यांना वाटलं, सरांनी सुरू केलं. मी आवाज बदलायचा प्रयत्न केला, तो आणखी गिदोनरावांसारखा झाला. “आराधनाला सुखात ठेव,” मी म्हणालो, तर कोणीतरी ओरडलं, “गुडघा राहिला!” पुन्हा हशा. मी घामाघूम झालो. “येशूच्या नावाने,” एवढंच कसंबसं म्हणून थांबलो.

“आमेन,” गिदोनराव खणखणीत म्हणाले. अख्ख्या मांडवात एकट्याने.

मी डोळे उघडले तर आराधना समोर होती. नवऱ्याशेजारी, सगळ्या दागिन्यांत. ती हसत नव्हती. कारखान्याची सात माणसंही हसत नव्हती. बाकीच्यांनी गरम गरम जेवण सुरू केलं होतं.

मुलगी निघाली तेव्हा तिने गाडीची काच खाली केली. “पप्पा, इथं कोणी नाही. आता करा ना.”

मी मधे पडलो. “करा हो गिदोनराव! मी पाया पडतो तुमच्या. कागद गेला खड्ड्यात.”

“कागद देवाच्या घरात ठेवलाय साडूभाऊ,” ते म्हणाले. “आन् इथं कोन न्हाई कसं? छगनराव हायेत, डायव्हर हाय, तुमी हाय. हे जाहीरच झालं.” त्यांनी नऊ आणि अर्ध्या बोटांचे हात पोरीच्या डोक्यावर ठेवले, फुलांच्या गजऱ्यावरून. ओठ हलू नयेत म्हणून ते घट्ट मिटले होते. गाडी गेली.

त्यानंतर आठ वर्षं ते जगले. घरी, आमच्याकडे, सगळीकडे त्यांची प्रार्थना आखूड झाली. अन्नासाठी आभार, आमेन. लोक म्हणायचे, सरांनी गिदोनरावांना सुधारलं. गिदोनराव स्वतःच सगळ्यांना ती हरकतीची गोष्ट सांगायचे, रंगवून सांगायचे. “ह्यांनी माझी खोड मोडली!” असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारायचे. मला तेव्हा वाटायचं, माणूस मनाला लावून घेत नाही. आता कळतं की ते माझी लाज झाकत होते. तीही मी त्यांच्यावरच टाकली होती.

स्मृतिदिनाला मी दीनाताईंचं ऐकलं. हरकतीचं सांगितलं. पण रंगवलेलं नाही, मच्छिंद्रने सांगितलं ते सगळं घालून, जसं झालं तसं. सुरुवातीला लोक नेहमीच्या जागी हसले. मी थांबलो नाही. हळूहळू हसणं विरलं. शेवटी मी आराधनाकडे वळून, भर उपासनेत, माझी चूक झाली म्हणालो आणि हात जोडले. बायका डोळे पुसत होत्या. नोहा खाली बघत होता. चर्चमध्ये पुन्हा पंख्याची कुरकुर ऐकू आली आणि मला, काय सांगू, जरा हलकं वाटलं.

बाहेर चहा होता. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. “सर, काय वाचलंत! रडवलंत.” आराधना कप भरून ट्रे घेऊन आली. मी तिला बाजूला नेलं, म्हणजे पाच पावलं.

“मला माफ केलंस ना, बाळ?”

तिने ट्रेमधले कप नीट लावले.

“काका, तुम्ही हरकत सगळ्यांसमोर घेतलीत,” ती म्हणाली. “माफीही सगळ्यांसमोरच मागितलीत. नऊ वर्षांत मला एकटीला कधी विचारलं नाहीत. पप्पांनापण नाही. लोक रडले, छान झालं. आता मी नाही म्हणू शकते का इथं?”

मी आजूबाजूला पाहिलं. चाळीस माणसं कप हातात धरून आमच्याकडेच बघत होती.

“चहा घ्या,” ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे गेली.

मंगळवारी शाळेत रजा टाकून मी घोडेगावच्या एसटीत बसलो. मोनिका येते म्हणाली, तिला नको म्हणालो. आराधना अंगणात कपडे वाळत घालत होती. रविराज कामावर गेलेला, छगनराव बाजारात. तिथे मी काय बोललो आणि तिने काय उत्तर दिलं, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मोनिका अजून विचारते. इथेही ते लिहिणार नाही.